कान दुखतो, खोट मात्र जबड्यात

कानात ठणका लागला म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जायचे, कान साफ आहे म्हटल्यावर दाढेवर संशय घ्यायचा, दाढही काढून टाकायची आणि तरी सकाळी कडक उंडो (गोव्याचा पाव) चावताना कानशिलात कळ येतेच. जबड्याच्या सांध्याच्या रुग्णांची ही वणवण जुनी आहे, आणि तिला वैद्यकाचा इतिहासही बराचसा जबाबदार आहे.

निखळलेला जबडा प्राचीन वैद्यांना चांगला बसवता येई. सुश्रुतसंहितेत सांधा शेकून जागी बसवायचा आणि वर पंचांगी नावाचा पट्टीचा बंध बांधायचा असे सांगितले आहे. इजिप्तच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसमध्ये अंगठे तोंडात आणि बोटे हनुवटीखाली धरायची रीत आहे. आजही कॅज्युअल्टीत जवळपास तेच करतात. निखळलेले डोळ्यांना दिसते. रोजची ठसठस दिसत नाही, आणि घोळ तिथेच झाला.

1934 साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 11 रुग्णांवरून एक मांडणी केली. दाढा पडल्या की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, कानाजवळ दाब पडतो आणि कान दडपणे, गुणगुणणे, डोके दुखणे सुरू होते. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी 1948 मध्ये हे कारण खोडून काढले. पण तोवर 'चावा बिघडला', म्हणजे वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, हे निदान दंतवैद्यकात रुजले होते. त्यापायी किती धडधाकट दात तासले गेले असतील! 1969 मध्ये डॅनियल लॅस्किन यांनी बोट दाखवले ते ताणलेल्या स्नायूंकडे आणि मनावरच्या ताणाकडे. पुढे सांध्यातली, दोन हाडांमधली गादीसारखी चकती तपासात दिसू लागली आणि शस्त्रक्रियांना ऊत आला. अमेरिकेत हजारोंना बसवलेली टेफ्लॉनची इम्प्लांट्स झिजून आजूबाजूचे हाड खाऊ लागली, तेव्हा 1990 च्या सुमारास ती बाजारातून काढावी लागली.

1992 मध्ये निदानाचे निकष ठरले, 2014 मध्ये ते सुधारले. त्यांत सांध्याबरोबरच झोप, चिंता, खाणे-बोलणे यांत येणारी अडचणही मोजतात. मला हा खरा बदल वाटतो. 2023 च्या 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील मार्गदर्शक सूचनांनीही जबड्याचे व्यायाम, स्नायू मोकळे करणे आणि ताणावरचे मानसोपचार यांना झुकते माप दिले. चकती काढण्याला मात्र ठाम विरोध केला. जबडा हलवताना नुसते 'कट्' वाजत असेल आणि दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत.

गोव्यात निदानाला आणखी एक फाटा फुटतो. फोंडा-सत्तरीच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, पोफळी (सुपारीची झाडे), आणि जेवणानंतर विडा. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी या विकाराला 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हटले. पणजीजवळ बांबोळीला 1980 साली स्थापन झालेले दंत महाविद्यालय आहे, पण हा फरक ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. डॉक्टर कानांपुढे बोटे टेकवून तोंड उघड-मीट करायला सांगतात, मग रुग्णाचीच तीन बोटे उभी दातांमध्ये मावतात का ते पाहतात. मावत नसतील तर गाल आतून चाचपतात. सुपारीच्या रोगात तिथे ताणलेल्या दोऱ्या हाताला लागतात आणि तिखट आमटीने तोंडाची आग होते. सांध्याच्या दुखण्यात गाल मऊच असतो. कळ येते ती कानापुढे किंवा कानशिलावर दाबल्यावर.