पार्श्वभूमी : महाविद्यालयांतील दिव्यांग विद्यार्थ्यांचे आधारगट

दिव्यांग विद्यार्थ्याला महाविद्यालयात कोणत्या सवलती मिळायला हव्यात, हे आता कायद्यात आणि परिपत्रकांत लिहिलेले आहे. पण अर्ज कोणाकडे द्यायचा, परीक्षेच्या किती आधी द्यायचा, कोणत्या प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत जोडायची आणि कार्यालयाने ‘नंतर या’ म्हटले तर काय करायचे, हे त्याच वाटेने आधी गेलेला विद्यार्थीच नेमके सांगू शकतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या महाविद्यालयांत अशा विद्यार्थ्यांचे आधारगट, म्हणजे अनुभवातून एकमेकांना मदत करणारे गट, का हवेत, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

या कल्पनेचे सर्वांत ठळक मूळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात आहे. पोलिओमुळे मानेखालचे शरीर लुळे पडलेले एड रॉबर्ट्स यांनी 1962 मध्ये तिथे प्रवेश घेतला. श्वसनासाठी त्यांना लागणारे अवजड लोखंडी यंत्र वसतिगृहाच्या खोलीत मावणारे नव्हते, म्हणून त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात करण्यात आली. पुढे त्यांच्यासारखे आणखी विद्यार्थी तिथे राहायला आले. एकाच ठिकाणी राहत असल्यामुळे मदतनीस कसा नेमावा, चाकाची खुर्ची कुठे दुरुस्त करून घ्यावी, अधिकाऱ्यांशी कसे बोलावे हे अनुभव आपोआप एकमेकांत वाटले जाऊ लागले आणि त्यातून ‘रोलिंग क्वाड्स’ हा गट उभा राहिला. 1970 मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली आणि 1972 मध्ये शहरात दिव्यांगांना स्वावलंबीपणे जगता यावे यासाठी ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ स्थापन झाले. आधी विद्यार्थ्यांचा गट आणि मग कार्यालय, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे क्रम उलटा राहिला. देशव्यापी कायदा 1995 मध्ये झाला. त्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. 2007 मध्ये भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. त्यानंतर आलेल्या 2016 च्या कायद्याने प्रकारांची संख्या 21 वर नेली आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील आरक्षण पाच टक्के केले. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाने 2003 मध्ये दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र सुरू केले, तरी असे केंद्र प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यात नव्हते. हक्क वरून आले. ते वापरण्याची रीत मात्र विद्यार्थ्यांना ज्याची त्याने शोधावी लागली.

लेखनिकाचेच, म्हणजे परीक्षेत विद्यार्थ्याने सांगितलेली उत्तरे लिहून देणाऱ्याचेच, उदाहरण घेऊ. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावे, अशी अट होती, आणि परीक्षार्थ्याला दर तासामागे किमान वीस मिनिटे वाढीव मिळाली पाहिजेत. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला असा कनिष्ठ विद्यार्थी शोधावा लागतो, ज्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवशी नाही, ज्याला सांगितलेली आकृती काढता येते आणि ज्याचे मराठी शुद्धलेखन बरे आहे. असा मुलगा गेल्या वर्षी कोणाला मिळाला होता, हे ठाऊक असणारा वरच्या वर्गातला मित्र अशा वेळी कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतो. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या नोट्सचेही तसेच आहे. मराठी नोट्स युनिकोड या सर्व संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असल्या, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्यातून निरर्थक अक्षरेच वाचतो, आणि स्कॅन केलेल्या पानाचे निव्वळ चित्र असेल तर काहीच वाचत नाही. फाईल कशी बदलून घ्यावी आणि प्राध्यापकांकडे नेमके काय मागावे, हे ज्याने स्वतः भोगले आहे तोच पाच मिनिटांत समजावतो. विनामूल्य मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरसुद्धा 2006 मध्ये मायकल करन या दृष्टिहीन तरुणानेच लिहायला घेतला होता.

ठाणे-नवी मुंबईची अडचण वेगळी आहे. इथले बहुतेक विद्यार्थी घरी राहून शिकतात. कोणी डोंबिवलीहून येतो, कोणी 2004 मध्ये सुरू झालेल्या ठाणे-वाशी मार्गाने ऐरोली-घणसोलीहून. तास संपला की गाडीची गर्दी टाळण्यासाठी निघायची घाई असते, आणि कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला तर ती अधिकच. बर्कलेत ज्या सहवासातून गट जन्मला, तो सहवासच इथे नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात होणारी ओळख आणि मग व्हॉट्सॲपवरचा गट, इतपतच मजल जाते. वाशीत महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, पण महाविद्यालयाच्या रोजच्या प्रश्नांना उत्तर महाविद्यालयाच्या आवारातच मिळाले पाहिजे. बैठक तळमजल्यावर आणि तासांच्या मधल्या वेळेत ठेवली, तरच ती सर्वांसाठी असते.

2016 च्या कायद्याने आणखी एक बदल घडवला. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे प्रकार यादीत आले, आणि पाहताक्षणी ओळखू न येणारे विद्यार्थीही या हक्कांचे धनी झाले. थॅलेसेमियाच्या विद्यार्थिनीला दर काही आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावे लागते. तिचा प्रश्न रॅम्पचा नसून 75 टक्के हजेरीचा असतो. तिला तिच्यासारखे कोणी शेजारच्याच वर्गात आहे, हे कळण्याची सोय नसते.

सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2017 च्या निकालात प्रत्येक संस्थेत शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक यांची अंतर्गत समिती असावी का, याचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाला करायला सांगितले. विद्यार्थी त्यात नावापुरते असू नयेत, असे मनापासून वाटते. त्याचबरोबर रॅम्प, लिफ्ट आणि वाढीव वेळ ही संस्थेची कायदेशीर जबाबदारी विद्यार्थ्यांच्या आधारगटाच्या गळ्यात पडू नये, हेही तितकेच खरे. कोण दिव्यांग आहे ही माहिती महाविद्यालयाकडे असते आणि ती गोपनीयच राहिली पाहिजे. म्हणून प्रवेश अर्जात दिव्यांगत्वाची नोंद करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कार्यालयाने गटाच्या माहितीचा कागद द्यावा, आणि संपर्क करायचा की नाही हे त्याच्यावर सोडावे.