एकच गुन्हा, तीन दप्तरं : विस्कॉन्सिनच्या ग्रामीण काउंट्यांत मद्यधुंद चालकांच्या खटल्यांच्या नोंदी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्य टोकाला फ्लोरेन्स नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. २०२०च्या जनगणनेत तिथे ४,५५८ माणसं मोजली गेली. अख्ख्या काउंटीत नगरपालिका असलेलं एकही शहर नाही. तिथे कुणी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि खटला उभा राहिला, तर त्याची नोंद राज्याच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून घरबसल्या पाहता येते, तीही फुकट. तोच प्रकार दुसऱ्या काउंटीतल्या एखाद्या छोट्या शहराच्या हद्दीत घडला, तर मात्र त्या संकेतस्थळावर काहीच न सापडण्याची शक्यता बरीच आहे. नोंद दोन्हीकडे सार्वजनिकच असते, पण तिचं दप्तर वेगळं असतं.

या राज्यात ७२ काउंट्या आहेत. प्रत्येक काउंटीत सर्किट कोर्टाचा, म्हणजे राज्याच्या खालच्या न्यायालयाचा, लिपिक हवा आणि तो लोकांनी निवडून दिलेला असावा, असं राज्यघटनाच सांगते. न्यायालयाची कागदपत्रं त्याच्या ताब्यात असतात. न्यायालयाचं दप्तर कुणालाही पाहता यावं, ही इंग्लंडच्या कायद्यातून आलेली जुनी परंपरा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती स्पष्ट शब्दांत मान्य केली, मात्र हा हक्क निरंकुश नाही असंही बजावलं. ग्रामीण भागात या हक्काचं रोजचं रूप अगदी साधं होतं. कोर्टाच्या इमारतीत जायचं, खिडकीवर नाव सांगायचं आणि फाइल मागायची. पाहायला पैसे पडत नसत, नक्कल हवी असेल तर पडत. बाकीच्यांना तालुक्याच्या साप्ताहिकात छापलेली कोर्टाची यादी पुरे होई.

अमेरिकेतली दारूबंदी उठल्यानंतरची कित्येक वर्षं मद्यधुंद चालकांवरच्या खटल्यांना फारसं वजन नव्हतं. १९३९ साली इंडियानाने रक्तातल्या मद्याचं प्रमाण कायद्यात आणलं, तेव्हाची मर्यादा ०.१५ टक्के होती. आजच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. त्याच राज्यात पोलिस खात्यात काम केलेल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वासावरून मद्य मोजणारं ब्रेथअलायझर तयार केलं आणि पोलिसाच्या अंदाजाऐवजी कोर्टापुढे आकडा येऊ लागला. खरी चीड उसळली ती १९८० मध्ये. कॅलिफोर्नियात १३ वर्षांच्या मुलीला मद्यधुंद चालकाने चिरडलं आणि तिची आई कँडी लाइटनर यांनी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना काढली. न्यायाधीश काय शिक्षा देतात हे पाहायला सामान्य माणसं कोर्टात जाऊन बसू लागली. या खटल्यांच्या नोंदी उघड्या असणं का गरजेचं आहे, याचं याहून सबळ उत्तर मला माहीत नाही. २००० साली केंद्राने महामार्गांचा निधी रोखण्याचा इशारा देऊन ०.०८ची मर्यादा सगळ्या राज्यांच्या गळी उतरवली. विस्कॉन्सिनने ती २००३च्या सप्टेंबरअखेर लागू केली. (भारतात ही मर्यादा ०.०३ आहे.)

पण विस्कॉन्सिनने एक गोष्ट बदलली नाही, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. या राज्यात पहिल्यांदा पकडलेला चालक सहसा फौजदारी गुन्हेगार ठरत नाही. गाडीत १६ वर्षांखालचं मूल नसेल आणि कुणाला इजा झाली नसेल, तर दंड होतो आणि परवाना काही काळ जातो. अशी सूट देणारी राज्यं अगदी मोजकी आहेत. गुन्हा फौजदारी नसल्यामुळे तो शहराच्या स्वतःच्या नियमाखालीही चालवता येतो. राज्यात दोनशेहून अधिक म्युनिसिपल कोर्टं, म्हणजे शहरांची स्वतःची कोर्टं, आहेत. तिथे ज्युरी नसते, आणि कित्येक ठिकाणी कोर्ट महिन्यातून एकदोनदाच भरतं. त्यांचं दप्तर त्यांच्याचकडे राहतं. सहसा निकालाविरुद्ध सर्किट कोर्टात अपील झालं, तरच प्रकरण राज्याच्या यंत्रणेत दिसू लागतं.

सर्किट कोर्टांचं संगणकीकरण १९८७ मध्ये सुरू झालं आणि १९९९ मध्ये त्यांच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या झाल्या. त्याआधी दहाच वर्षं, १९८९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एफबीआयकडच्या गुन्हेनोंदींच्या खटल्यात म्हटलं होतं की ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत विखुरलेले कागद वेगळे आणि ते सगळे गोळा करून बनवलेला एका माणसाचा गोषवारा वेगळा. तो निकाल केंद्राच्या माहिती कायद्यापुरता होता. विस्कॉन्सिनने खुलेपणाची वाट धरली. पूर्वी ज्याला गरज असेल तो वाट वाकडी करून कोर्टात जाई. आता घरमालक, नोकरी देणारा, लग्नाचं जमवणारे, सगळेच पाहू लागले. नोंदींच्या आधारे नोकरीत भेदभाव करणं बेकायदा ठरू शकतं, अशी सूचना त्या संकेतस्थळावर ठळक दिलेली असते. २०१८ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. रद्द झालेले किंवा निर्दोष ठरलेले फौजदारी खटले पूर्वी २० वर्षं दिसत, ते आता दोन वर्षांनी काढले जातात. हे फार आधी व्हायला हवं होतं.

शोधणाऱ्याने प्रकरण क्रमांकातली अक्षरं नीट पाहावीत. पहिल्या वेळचं प्रकरण ‘टीआर’ म्हणजे वाहतूक-दंडाच्या यादीत येतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं ‘सीटी’ म्हणजे फौजदारी वाहतुकीच्या, आणि चौथ्या वेळेपासूनचं ‘सीएफ’ म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या यादीत. चौथी वेळ सरसकट गंभीर गुन्हा ठरू लागली ती २०१७ पासून. म्हणजे फक्त फौजदारी यादी चाळून ‘काही नाही’ म्हणणारा चुकू शकतो.

दप्तरं विखुरलेली असली की न्यायालयही फसतं. विस्कॉन्सिनच्याच ओ क्लेअर शहरात १९९२ मध्ये एक प्रकरण ‘पहिली वेळ’ म्हणून दंडावर निकाली निघालं. त्या व्यक्तीला १९९० मध्ये शेजारच्या मिनेसोटात शिक्षा झालेली होती, म्हणजे ही दुसरी वेळ होती आणि खटला फौजदारी चालायला हवा होता. हा प्रश्न अखेर २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. आक्षेप वेळेवर घेतला नाही, म्हणून तो जुना निकाल कायम राहिला.

तिसरं दप्तर आदिवासी न्यायालयांचं. विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी या आदिवासी जमातीची केंद्राने दिलेली मान्यता काढून घेण्याचा कायदा १९५४ मध्ये झाला, आणि १९६१ मध्ये तिच्या भूमीची काउंटी बनली. १९७३ मध्ये मान्यता परत मिळाली, १९७६ मध्ये फौजदारी अधिकारही राज्याकडून जमात आणि केंद्राकडे परत गेले. काउंटी मात्र नकाशावर तशीच आहे. जमातीच्या सदस्यावर तिथे असा खटला झाला, तर तो जमातीच्या न्यायालयात चालतो. राज्याच्या संकेतस्थळावर तो शोधून उपयोग नाही.

विस्कॉन्सिनच्या मॅडिसन-मिलवॉकी शहरांकडच्या मराठी मंडळींना हा विषय कळतो तो बहुधा व्हिसामुळे. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं. पुढच्या मुलाखतीत कोर्टाच्या शिक्क्यानिशी अंतिम निकालाची प्रत मागितली जाऊ शकते. तिथे संकेतस्थळाच्या पानाची छापील प्रत चालेल असं धरून चालू नये. काउंटीत खटला झाला असेल तर सर्किट कोर्टाच्या लिपिकाकडे अर्ज करायचा. नकलेचा दर पानाला सव्वा डॉलर असतो. शहराच्या कोर्टात झाला असेल तर आधी पोलिसाने दिलेल्या तिकिटावर (दंडाच्या चिठ्ठीवर) कोर्टाचं नाव पाहून त्याच कोर्टाच्या लिपिकाला गाठायचं, आणि कोर्ट महिन्यातून एकदाच भरत असेल तर मुलाखतीच्या बरंच आधी.