चुकीपुरताच निरोप

निरोप बिनचूक पोचवण्याचं गणित म्हणजे माहितीशास्त्र. त्याचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननच्या नावाचा शॅनन पुरस्कार म्हणजे या क्षेत्रातला सर्वोच्च मान. 2000 साली तो थॉमस कैलाथ यांना मिळाला. जन्म 1935 चा, पुण्याचा. पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून 1956 मध्ये टेलिकॉमची पदवी. पुढे अमेरिकेत एमआयटीत डॉक्टरेट, मग स्टॅनफर्डला प्राध्यापकी. 2007 मध्ये आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेचं मेडल ऑफ ऑनर, 2009 मध्ये पद्मभूषण. मानसन्मानांच्या यादीत माणसानं नेमकं काय केलं ते हमखास राहून जातं. कैलाथांचं एक काम मात्र कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतं.

1966 साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी पीटर स्खाल्कवाइक यांनी एक युक्ती मांडली. समजा, 37 हा आकडा पाठवायचा आहे. वाटेत नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, मिसळतो आणि पलीकडे 37.8 पोचतं. पलीकडचा हा 37.8 जसाच्या तसा उलट कळवतो. आता पाठवणाऱ्याला चूक नेमकी ठाऊक आहे: 0.8. मग 37 पुन्हा कशाला पाठवायचे? चूक तेवढी पाठवायची, तीही ठरलेली सगळी पॉवर वापरता येईल इतकी मोठी करून. किती पट मोठी करायची ते प्रत्येक फेरीसाठी दोघांनी आधीच ठरवलेलं असतं. पलीकडचा आलेला सिग्नल त्या हिशेबानं लहान करतो आणि आपला अंदाज सुधारतो. उरलेल्या चुकीवर पुन्हा तेच.

सिग्नलची पॉवर नॉइजच्या तिप्पट असेल, तर चुकीचा वर्ग (चूक गुणिले चूक) दर फेरीला सरासरी एक-चतुर्थांश होतो, म्हणजे चूक निम्मी. दहा फेऱ्यांत ती 1,024 पट आकसते. निम्मी चूक म्हणजे बरोबर एक बिट माहिती (एका हो-नाहीच्या उत्तराइतकी), आणि या चॅनेलची, म्हणजे निरोपाच्या वाटेची, शॅननच्या सूत्रानुसार क्षमता (बिनचूक पाठवता येईल अशी जास्तीत जास्त माहिती) हीही दर फेरीला एक बिटच. पलीकडून असं उलट कळवण्यामुळे, म्हणजे फीडबॅकमुळे, अशा चॅनेलची क्षमता वाढत नाही, हे शॅनननं 1956 मध्येच सिद्ध केलं होतं. फायदा होतो तो वेगळाच. क्षमतेपेक्षा जरा कमी वेगानं पाठवलं, तर निरोप चुकण्याची शक्यता फीडबॅक नसलेल्या नेहमीच्या कोडिंगपेक्षा (चुका टाळण्यासाठी निरोपाला जादा आकडे जोडण्यापेक्षा) कितीतरी झपाट्यानं घसरते, आणि गणित म्हणाल तर गुणाकार आणि वजाबाकी. एवढ्या थोडक्या यंत्रणेत इतकं साधणारी दुसरी युक्ती सापडणं कठीण.

मेख परतीच्या वाटेत आहे. ती निर्मळच हवी. अवकाशयानाचा ट्रान्समीटर दुबळा असतो, पण जमिनीवरून यानाकडे दणदणीत पॉवर लावता येते. म्हणून तिथे ही कल्पना शोभते. चंद्रापर्यंतची एक फेरी अडीच सेकंदांची, त्यामुळे थांबून राहण्याऐवजी मधल्या वेळात इतर निरोपांच्या फेऱ्या घ्यायच्या. पण परतीच्या वाटेवर थोडाही नॉइज आला, की 37.8 ऐवजी 37.83 कळतं. पहिल्या फेरीत हा फरक किरकोळ. दहाव्या फेरीत खरी चूक 0.001 च्या आत आलेली असते, आणि पाठवणारा त्या 0.03 लाच चूक समजून शेकडो पट फुगवून धाडतो.