काडेपेटीपासून मोबाइलपर्यंत: टाकाऊतून शिकण्याची पार्श्वभूमी

‘चक्रीय अर्थव्यवस्था’, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणणारी व्यवस्था, ही संज्ञा धोरणांत स्थिरावली ती गेल्या वीसेक वर्षांत. चीनचा यासंबंधीचा कायदा २००९ मध्ये लागू झाला, युरोपीय संघाचा कृती आराखडा २०१५ मध्ये आला. आता शाळांमध्येही व्हिडिओ आणि अॅपच्या मदतीने हा विषय शिकवला जातो. आपल्याकडे मात्र या शिक्षणाची सुरुवात पडद्यावर झाली नाही. ती झाली आठवडी बाजारात.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये शाळांसाठी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतले (आजची टाटा मोटर्स) तरुण अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन तिथे गेले. बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळत होती, काडेपेटीच्या काड्या घरोघरी होत्या. ट्यूबचे छोटे तुकडे कापून त्यांत काड्या खोचल्या की आकार तयार. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र ठाम राहतो. छपराच्या कैच्यांत त्रिकोणच का असतात, हे मुलांच्या बोटांनाच कळायचं. तुकड्याला भोक पाडायला बाभळीचा काटा पुरे! मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: वस्तू टाकून देण्याआधी तिच्याकडे पुन्हा एकदा बघायची सवय इथे विज्ञानाच्या तासाला लागत होती.

अडचण होती ती प्रसाराची. घडी कुठे घालायची, तार कशी वळवायची, हे चित्रांवरून नेमकं उमगत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांसाठीचं विज्ञान केंद्र उभं राहिलं आणि ही कोंडी फुटली. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाच्या देणगीतून झाली. नाव ‘पुलस्त्य’, म्हणजे सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात आपले पुलंही आले. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ तयार केले, मराठीसह अनेक भाषांत, आणि ते संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुले केले. बरेचसे दोनेक मिनिटांत संपतात. शिक्षणातल्या डिजिटल साधनाचं हे मला फार मोठं बळ वाटतं, कारण मूल लगेच पडद्यापासून उठून कात्री शोधायला लागतं.

कच्चा मालही काळाबरोबर बदलत गेला. कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांपासून पंप व्हायचे. डिजिटल कॅमेरे आले आणि ते डबेच दिसेनासे झाले. पुढे निकामी सीडीवर झाकण आणि फुगा बसवून हवेवर तरंगणारी चकती झाली.

डिजिटल साधन स्वतःच कचरा होतं, हा प्रश्न कायद्यात आला तो ई-कचऱ्याच्या नियमांमुळे. २०११ चे नियम मे २०१२ पासून लागू झाले. त्यांत ‘घाऊक ग्राहक’ या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख होता, म्हणजे जुने संगणक अधिकृत मार्गानेच देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत. त्यांत घाऊक ग्राहक म्हणजे ई-विक्रेते आणि वर्षात किमान एक हजार उपकरणं वापरणाऱ्या संस्था. वीस संगणकांची प्रयोगशाळा असलेली तालुक्याची शाळा आता या व्याख्येत बसत नाही.