मुंबई आणि दिब्रुगड: घड्याळ एक, दिवस वेगळा

'आसामात घड्याळ एक तास पुढे असतं' हे वाक्य आता पुरे झालं. दिब्रुगडचं रेल्वे स्टेशन, विमानतळ, बँका, सरकारी कचेऱ्या मुंबईच्याच वेळेवर चालतात. मनगटावरचं घड्याळ पुढे केलंत तर विनाकारण तासभर आधी स्टेशनवर जाऊन बसाल.

एक तास पुढे असतो तो चहाच्या मळ्यांतला 'बागान टाइम'. तो मळ्याच्या कामापुरता. मळ्यातल्या कुणी आठला बोलावलं तर कुठले आठ, हे विचारून घ्या. बागानचे आठ म्हणजे आपले सात.

खरी गल्लत सूर्याच्या हिशेबात होते. मुंबई ७२.८ पूर्व रेखांशावर, दिब्रुगड ९४.९ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २२ अंशांना ८८. प्रमाणवेळ ठरते ती या दोन्हींच्या मधल्या ८२.५ रेखांशावरून. त्यामुळे मुंबईत सरासरी मध्यान्ह १२.३९ ला होते, दिब्रुगडला ११.१० ला. मुंबईची जुनी 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती ती याच कारणाने, आणि बागान टाइमने दिब्रुगडची मध्यान्ह १२.१० ला येते. दोन्ही वेळा आपापल्या सूर्याशी इमान राखणाऱ्या. बागान टाइमला चहावाल्यांची लहर म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

इथवर बहुतेकांना पटतं. मग ते मुंबईच्या सूर्योदयातून आणि सूर्यास्तातून सरसकट दीड तास वजा करतात, आणि तिथेच चुकतात. ८८ मिनिटांचा फरक वर्षभर टिकतो तो फक्त मध्यान्हीला. दिब्रुगड मुंबईच्या साडेआठ अंश उत्तरेलाही आहे, त्यामुळे तिथला हिवाळ्यातला दिवस आणखी आखूड आणि उन्हाळ्यातला आणखी लांब. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत सूर्य सुमारे ७.०७ ला उगवतो आणि ६.०६ ला मावळतो, दिब्रुगडला ५.५५ आणि ४.२०. सकाळचा फरक सव्वा तासाच्या आत, संध्याकाळचा पावणेदोन तास! जूनअखेर नेमकं उलटं. दिब्रुगडला सव्वाचारलाच सूर्योदय, म्हणजे मुंबईच्या पावणेदोन तास आधी; सूर्यास्त मात्र ६.१० च्या सुमारास, जेमतेम ७० मिनिटं आधी.

म्हणून डिसेंबरात दिब्रुगडजवळचा, ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबील पूल उजेडात पाहायचा तर तीनपर्यंत तिथे पोचा. 'जेवून, जरा पडून, चारला निघू' हा मुंबईचा बेत तिथे अंधारात संपतो. जूनमध्ये खोलीला जाड पडदे आहेत ना, ते आधी विचारा, नाहीतर साडेचारला ऊन डोळ्यांवर येईल. मुंबईत रात्री नऊला जेवायला बसणं रोजचंच. दिब्रुगडच्या हिवाळ्यात तोवर अंधार पडून साडेचार तास झालेले असतात. तिथे पहाटे निघून भरदुपारी परतणं कधीही चांगलं.

तिकडे संकष्टी सोडणाऱ्यांनी मुंबईची चंद्रोदयाची वेळ धरू नये. दिब्रुगडला चंद्र तासाभराहून जास्त आधी उगवतो. तिथलीच वेळ पाहून ताट वाढावं.