ताल आणि लहान मुलांचा भाषाविकास

गाण्यातला ठेका पकडण्याची क्षमता आणि मुलांचं बोलणं, व्याकरण, पुढे वाचन यांच्यातला संबंध. भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संगीत आणि स्पीच थेरपी अशा चौघांच्या हद्दीत हा विषय येतो. अंगाई, बडबडगीतं, मांडीवर झुलवणं हे घरोघरी चालूच असतं, त्याचं वर्णन इथे करत बसत नाही.

पोटातल्या बाळापर्यंत शब्द स्पष्ट पोचत नाहीत, गाळून येतो तो आवाजाचा खालचा भाग, म्हणजे चढउतार आणि ठेका. नाझी, बेर्तोंचिनी आणि मेलर यांच्या १९९८ च्या प्रयोगात शब्द ओळखू येणार नाहीत इतका फिल्टर केलेला आवाज फ्रेंच नवजात बाळांना ऐकवला, तर त्यांना इंग्रजी-जपानीतला फरक कळला, इंग्रजी-डचमधला नाही, कारण त्या दोघींचा ठेका जवळचा. २००९ मध्ये विंकलर, हॉनिंग वगैरेंनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधेच समेचा ठोका गाळला, की मेंदूच्या लहरींत लगेच फरक दिसायचा. त्याआधी २००५ मध्ये फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर यांनी ७ महिन्यांच्या बाळांना एकाच वाजवण्यावर काहींना दर दुसऱ्या आणि काहींना दर तिसऱ्या ठोक्याला हातात धरून उडवलं, नंतर ज्याला जसं उडवलं तशाच वजनाचं वाजवणं ते बाळ जास्त वेळ ऐकत राहिलं. आपल्या तबलजीला हे सांगायची गरज नाही, काहींना दोनाच्या वजनाच्या केरव्याकडे झुकवलं नि काहींना तिनाच्या दादऱ्याकडे, एवढंच.

खरा वाद भाषांच्या तालाचे प्रकार पाडण्यावर आहे. भाषाशास्त्रज्ञ पाइक यांनी १९४५ मध्ये आघातावर (बोलण्यातल्या जोरावर) चालणाऱ्या आणि सिलॅबलवर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) चालणाऱ्या अशा दोन जाती सांगितल्या, १९६७ मध्ये अॅबरक्रॉम्बी यांनी जगातल्या सगळ्याच भाषा यात बसतात असं ठोकून दिलं, जपानीसाठी मोरा (आपल्या मात्रेसारखं उच्चाराच्या वेळेचं माप) नावाची तिसरी जात पण आली. मग लोकांनी खरोखर मोजायला घेतलं आणि सिलॅबल किंवा आघात समान अंतरावर येतात हे कुठल्याच भाषेत नीट सापडेना (डाउअर, १९८३). १९९९ मध्ये रामूस, नेस्पोर आणि मेलर यांनी बोलण्यातला स्वरांचा वाटा आणि व्यंजनांच्या तुकड्यांची कमीजास्त लांबी मोजून जुन्या जाती पुन्हा उभ्या केल्या, २००२ मध्ये ग्रेब आणि लो यांनी शेजारशेजारच्या स्वरांच्या लांबीतला फरक धरला. पण बोलणारा बदलला, वाक्य बदललं की हे आकडे पण हलतात असा आक्षेप आहेच, त्यामुळे जातींऐवजी कमीजास्तीची एक पट्टी मानणं जास्त सुरक्षित वाटतं.

मराठी या पट्टीवर इंग्रजीपेक्षा बरीच सिलॅबलच्या बाजूला पडते. आपल्याकडे हा हिशेब छंदशास्त्रात जुनाच आहे: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि ओवी-अभंगात मात्रा न मोजता नुसती अक्षरसंख्या, मोठ्या अभंगाची ६-६-६-४. माधव जूलियनांनी 'छंदोरचना'त हे सगळं सविस्तर मांडलं, त्यावर मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. म्हणताना मात्र पोरं व्याकरण बघत नाहीत. 'बे नवे अठरा, बे दाहे वीस' यात अठरा दोन तुकड्यांत बोललं जातं आणि वीस एकाच, तरी वर्गात घोकताना दोघांना वेळ तेवढाच मिळतो, 'वीस' ताणला जातो, आणि ज्याला आकडा आठवत नाही तो पण त्या जागी बरोबर तोंड उघडतो. मुंबईत घरी मराठी, खाली खेळताना हिंदी आणि शाळेत इंग्लिश मीडियम अशी पोरं भरपूर, म्हणून 'कम्फर्टेबल'ची चारही सिलॅबल सारखं वजन देऊन म्हटलेली सर्रास ऐकू येतात, इंग्रज त्यातलं एक गिळून टाकतो.

ठेका आणि भाषा यांचा संबंध नेमका कशामुळे, याला सध्या सगळ्यात जास्त उचललं गेलेलं उत्तर केंब्रिजच्या उषा गोस्वामींचं आहे (२०११). सिलॅबल सुरू होताना आवाज किती झटकन चढतो हे मेंदूने टिपायचं असतं, बोलण्याच्या संथ लहरींशी, सेकंदाला साधारण २ आणि ४ ते ८ या गतीच्या, मेंदूची लय जुळावी लागते. डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांना हे टिपणं जड जातं आणि ठेका पकडणं पण. रेना गॉर्डन यांच्या २०१५ च्या अभ्यासात ६ वर्षांच्या २५ मुलांत दोन ठेके सारखे की वेगळे हे ज्यांना चांगलं ओळखता आलं त्यांचं व्याकरण पण चांगलं निघालं, बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती धरूनसुद्धा. २५ म्हणजे काही फार नाहीत. शिवाय हा सहसंबंध आहे, कारण नाही.

'तबल्याच्या क्लासला घातलं की पोरगं लवकर बोलतं' असं दादर-पार्ल्यात ऐकू येतं, त्याला एवढा आधार नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारा आढावा) डिस्लेक्सियासाठी संगीतशिक्षणावर एकही रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी मिळाली नव्हती, नंतर २०१५ मध्ये इटलीत एक झाली आणि वाचनात सुधारणा दिसली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या एका प्रयोगात भाषेची अडचण असलेल्या मुलांना आधी नियमित ठेका ऐकवला, तर लगेच नंतर व्याकरणातल्या चुका त्यांना जास्त पकडता आल्या.

स्पीच थेरपीचं शिक्षण मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (स्थापना १९८३) मिळतं. शब्द तोडून टाळ्या देत म्हणवणं, क-वि-ता, हे थेरपीत नेहमीचंच. तोतरेपणात मेट्रोनोमच्या (ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर बोलायला लावायची पद्धत तर फार जुनी आहे, त्यात बोलणं तेवढ्यापुरतं मोकळं होतं, मेट्रोनोम बंद केल्यावर टिकेलच असं नाही.