संयमी स्थितिप्रधान खेळ (बुद्धिबळ)

बुद्धिबळाच्या डावात मारामारीची किंवा राजावर थेट हल्ल्याची घाई न करता, आपली मोहरी एकेका चालीने चांगल्या घरांवर आणत आणि प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्यांना जागा अपुरी पाडत डाव जिंकण्याच्या पद्धतीला संयमी स्थितिप्रधान खेळ म्हणतात. यात नुसती वाट पाहिली जाते हा समज चुकीचा आहे. प्रत्येक चालीपूर्वी आपले सर्वांत निकामी मोहरे कोणते आणि समोरच्याला काय करायचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात, आणि त्यांतला दुसरा प्रश्न बहुधा अधिक महत्त्वाचा असतो.

लहान लहान फायदे साठवत गेल्यावरच हल्ल्याचा अधिकार मिळतो, हा विचार १८८६ मध्ये पहिले अधिकृत विश्वविजेते ठरलेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी पद्धतशीरपणे मांडला. असे फायदे प्याद्यांच्या रचनेवरून मोजले जातात, कारण मोहरे मागे घेता येते, पण पुढे गेलेले प्यादे परत येत नाही. एकटे पडलेले किंवा मागे राहिलेले प्यादे, प्यादे ज्याचे रक्षण करू शकत नाही असे घर आणि हत्तींसाठी मोकळी झालेली उभी पट्टी ही या खेळाची मुख्य लक्ष्ये होत. प्रतिस्पर्ध्याचा बेत आकाराला येण्याआधीच मोडण्याच्या तंत्रावर खेळाडू व बुद्धिबळ-लेखक आरॉन निम्झोविच यांनी भर दिला. पुढे टिग्रान पेट्रोशियन आणि अनातोली कार्पोव्ह या विश्वविजेत्यांच्या खेळात ते पूर्णत्वाला गेले.

नीस येथील १९७४ च्या ऑलिंपियाडमधील, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेतील, कार्पोव्ह–उन्झिकर हा डाव याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. वजिराच्या बाजूची कडेची पट्टी मोकळी होती आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या उन्झिकर यांना तेथे हत्तींची अदलाबदल करून दडपण कमी करायचे होते. कार्पोव्ह यांनी २४ व्या चालीला आपला उंट ए७ या घरावर ठेवून ती पट्टीच बंद केली, उंटाच्या आडोशाने दोन्ही हत्ती एकामागे एक उभे केले आणि मग सवडीने राजाच्या बाजूला प्यादे पुढे ढकलले. काळ्याचे हत्ती पट्टी उघडण्याच्या भीतीने जागेवर अडकले. १६ व्या चालीपासून ४० व्या चालीपर्यंत एकही मोहरे किंवा प्यादे मारले गेले नाही. ४४ व्या चालीनंतर उन्झिकर यांनी डाव सोडला, तेव्हा प्रत्येक बाजूचे एक प्यादे आणि एक उंट एवढेच पटाबाहेर गेले होते. बळ बरोबरीचे असताना मिळालेला असा विजय नवशिक्याला गूढ वाटतो, पण त्यातील जवळजवळ प्रत्येक चालीचे कारण साध्या शब्दांत सांगता येते, आणि म्हणूनच तो शिकवायला फार चांगला आहे.

ग्रामीण विदर्भात पारावर किंवा ओसरीत खेळल्या जाणाऱ्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे सुरुवातीलाही सहसा एकच घर सरकत असे. त्यामुळे दोन्ही फौजा उशिरा भिडत आणि मोहरी मांडण्याला पुष्कळ अवकाश मिळे. या सवयीतून आलेला खेळाडू बंद स्थितीत, म्हणजे प्यादी एकमेकांत अडकून वाटा बुजलेल्या असताना, घाबरत नाही, ही त्याची जमेची बाजू मानली पाहिजे. आज गावाकडील मुलांचा स्पर्धेशी पहिला संबंध बहुधा तालुका पातळीवरील शालेय क्रीडा स्पर्धेत येतो. अनेक स्थानिक स्पर्धा एका दिवसात उरकायच्या असल्याने जलद वेळेत होतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांहून अधिक आणि साठ मिनिटांहून कमी वेळ असलेला डाव जलद समजला जातो, व त्यात चालींची नोंद ठेवणे बंधनकारक नसते. याचा तोटा संयमी खेळाला सर्वाधिक होतो. शेवटची ढोबळ चूक सर्वांच्या लक्षात राहते, पण ती चूक जिच्यामुळे झाली ती वीस चालींची कोंडी कुठेच उतरत नाही. दीर्घ वेळेच्या डावात मात्र नोंद सक्तीची असते, आणि नव्वद मिनिटे व प्रत्येक चालीला तीस सेकंदांची भर अशी वेळ मिळाल्यास हा खेळ खऱ्या अर्थाने खेळता येतो.